फोटोत शरीराचा आकार बदलताना भिंत का वाकते, काठ का मोडतो आणि हात कुठे आवरावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपासून तुम्ही लग्नाच्या फोटोंचे काम करत आहात. अल्बमसाठी फोटो निवडायला घरची मंडळी बसली की ‘मला जरा बारीक करा’, ‘दंड कमी करा’, ‘पोट आत घ्या’ अशा मागण्या हमखास येतात. त्या पुऱ्या करण्यासाठी फोटोशॉपमधले लिक्विफाय (चित्राचा भाग ब्रशने ढकलून आकार बदलणारे साधन) वापरले की मागची भिंत वाकते, पैठणीचा काठ लाटेसारखा होतो आणि माणूस ओळखू येईनासा होतो. त्यासोबत तुम्ही २४ मिलिमीटरच्या लेन्सने काढलेल्या एका कौटुंबिक फोटोविषयी लिहिले आहे. त्यात रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या नवरीच्या मावशी स्वतःला पाहून नाराज झाल्या आहेत. या कामाचा दर कसा लावावा, हेही तुम्ही विचारले आहे. या कामाला बसून मला सव्वीस वर्षे झाली, आणि हे काम शिकण्यात जेवढा वेळ गेला तेवढाच ते कुठे करू नये हे कळण्यात गेला, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

सुरुवात मावशींच्या फोटोपासूनच करते, कारण तिथे दोष शरीराचा नाही, लेन्सचा आहे. सरळ रेषा सरळच दाखवणारी वाइड लेन्स फ्रेमच्या कडेला गोष्टी आडव्या ताणते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स लावली आणि माणसे कॅमेऱ्यासमोर सरळ रांगेत उभी केली, तर अगदी डाव्या किंवा उजव्या कडेचा माणूस मधल्या माणसाच्या तुलनेत सुमारे २५ टक्के रुंद उमटतो. उंची मात्र तेवढीच राहते. ३५ मिलिमीटरला हाच फरक सुमारे १२ टक्के होतो, ५० ला ६ टक्के आणि ८५ ला जेमतेम २ टक्के. हे आकडे भूमितीतून येतात. लेन्स कितीही महाग असली तरी त्यांत बदल होत नाही. म्हणजे मावशींची तक्रार शब्दशः खरी आहे: त्या फोटोत त्या जेवढ्या दिसतात तेवढ्या नाहीत. इथे लिक्विफायचा ब्रश घेऊन कंबर आत ढकलणे ही चूकच ठरेल, कारण त्यांचा चेहरा, खांदे, हात, हातातली पर्ससुद्धा त्याच प्रमाणात ताणलेली आहे. फक्त कंबर कमी केली तर रुंद चेहऱ्याखाली अरुंद धड दिसेल. योग्य उपाय म्हणजे त्या कडेचा पट्टा निवडून तो आडव्या दिशेने हळूहळू दाबणे. ट्रान्स्फॉर्ममधल्या वार्पने (जाळी ओढून चित्र वाकवण्याच्या सोयीने) बाहेरची कड आत आणावी, मात्र मधली माणसे जागची हलू देऊ नयेत. मावशी अगदी कडेला असतील तर त्यांची रुंदी ८० टक्क्यांच्या आसपास आणल्यावर लेन्सने दिलेला ताण पुरता निघून जातो. मी सहसा ८५ वर थांबते, कारण शेजारच्या माणसाशी दुवा जुळलेला राहतो. डीएक्सओ व्ह्यूपॉइंटसारखे सॉफ्टवेअर हीच दुरुस्ती एका पट्टीवर करून देते. पुढच्या वेळी मात्र हॉलमध्ये चार पावले मागे जा, ५० मिलिमीटर लावा, आणि जागा नसेल तर दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा सोडून नंतर कातरा. एवढ्याने निम्म्या तक्रारी मुळातच येणार नाहीत.

फोटो काढतानाच्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. दंड अंगाला चिकटवून उभे राहिले की तो दाबला जाऊन पसरतो. कोपर बोटभर बाहेर घ्यायला सांगितले की जे एडिटिंगला पंधरा मिनिटे लागली असती ते जागेवरच होते. हनुवटीखालची घडी हनुवटी वर केल्याने जात नाही. ती पुढे काढून किंचित खाली घेतल्याने जाते. पूर्ण उंचीचा फोटो डोळ्याच्या रेषेतून जवळून काढला तर डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात, म्हणून कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणून लांबून काढावा.

आता लिक्विफाय. हे साधन २००० साली फोटोशॉप ६ मध्ये आले, आणि तेव्हापासून आजतागायत त्याचा सर्वांत मोठा गैरवापर एकच आहे: लहान ब्रश आणि मोठा ढकला. ब्रश लहान असला की तो शरीराची कड तेवढी आत नेतो आणि आतले सगळे जागीच राहते, त्यामुळे कडेला दात पडल्यासारख्या खाचा दिसू लागतात. ६००० पिक्सेल रुंदीच्या फाइलमध्ये कमरेसाठी मी ८०० ते १००० पिक्सेलचा ब्रश घेते, प्रेशर २० ते ३० ठेवते आणि ब्रशचे केंद्र शरीराच्या कडेवर न ठेवता किंचित आत ठेवून अगदी थोडे, पण अनेकदा हलवते. लांब, सरळ कडा असतील, उदाहरणार्थ दंडाची बाहेरची कड, तर फॉरवर्ड वार्पपेक्षा (लिक्विफायमधल्या नेहमीच्या ढकलणाऱ्या ब्रशपेक्षा) पुश लेफ्ट बरे पडते. ते कडेला समांतर ओढले की पिक्सेल बाजूला सरकतात, वर ओढल्यावर डावीकडे आणि खाली ओढल्यावर उजवीकडे, त्यामुळे पूर्ण कड एका दमात आणि सारखी सरकते.

पण ब्रशच्या आधी एक गोष्ट डोळ्यांना शिकवावी लागते. शरीराचा सांगाडा फोटोत दिसतो आणि तो हलला की पाहणाऱ्याला कारण न सांगता येताही काहीतरी चुकल्याचे कळते. मनगट, कोपर, खांद्याचे टोक, गळ्याची हाडे, गुडघा आणि घोटा या जागांना मी हात लावत नाही. काम सुरू करण्याआधी त्यांच्यावर फ्रीझ मास्क, म्हणजे तो भाग हलू न देणारे आवरण, चढवते. दोन सांध्यांमधला भाग तेवढा हलवायचा. दंड कमी करताना खांदा आणि कोपर जागी राहिले तर तो दंड त्याच बाईचा वाटतो. खांदाही आत गेला की तिची शरीरयष्टीच बदलते. मान बारीक करणे तर मी जवळजवळ सोडूनच दिले आहे, कारण मानेच्या रुंदीत थोडा फरक पडला तरी चेहऱ्याची ओळख बिघडते.

भिंत वाकण्याचे कारण साधे आहे. लिक्विफायला माणूस आणि भिंत यांतला फरक कळत नाही. ते पूर्ण चित्र रबराच्या चादरीसारखे ओढते. कमरेची कड आत आणली की शेजारची भिंतही तिच्यामागे येते. मागे साधा पडदा असेल तर कोणाला कळत नाही. मागे टाइल्स, देवळाचे खांब, मांडवाचे बांबू किंवा झेंडूच्या सरळ माळा असतील तर लगेच कळते. फ्रीझ मास्कने भिंत गोठवली तर ती हलत नाही हे खरे, पण मग कड मास्कजवळ येऊन अडकते. म्हणून माझी रीत अशी आहे: आधी माणसाची नीट सिलेक्शन करून त्याला वेगळ्या लेयरवर (थरावर) घ्यायचे, खालच्या लेयरवर माणसाच्या कडेपासून थोडे आतपर्यंत कंटेंट अवेअर फिल किंवा क्लोन स्टँपने (शेजारचे चित्र घेऊन जागा भरणाऱ्या साधनांनी) भिंत पूर्ण करून ठेवायची, म्हणजे कंबर आत गेल्यावर जी फट उघडेल तिच्यामागे खरी, सरळ भिंत असेल, मग वरच्या लेयरला स्मार्ट ऑब्जेक्ट करून त्यावर लिक्विफाय लावायचे. स्मार्ट ऑब्जेक्टचा फायदा असा की आठवड्याने ग्राहकाने ‘एवढे नको’ म्हटले तर तोच फिल्टर पुन्हा उघडून कमी करता येतो. कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे: आकाराचे काम आधी, त्वचेचे नंतर, शार्पनिंग सगळ्यात शेवटी. कारण ताणल्यामुळे पोत मऊ पडतो, आणि आधी घासून स्वच्छ केलेली त्वचा नंतर ताणली तर ती मेणासारखी दिसते.

साडीबद्दल स्वतंत्र सांगायला हवे, कारण परदेशी शिकवण्यांमध्ये हा विषय येतच नाही. पैठणीचा किंवा नऊवारीचा काठ म्हणजे समांतर रेषांचा पट्टा. शरीरावरून तो वळत जातो आणि त्याच्या वळणावरूनच डोळा खालच्या शरीराची गोलाई मोजतो. कंबर आत घेतली आणि पदराच्या काठाची जाडी मध्येच कमी झाली, तर पाहणारा काठाकडे बघून थबकतो. गेल्या वर्षीचे एक काम सांगते. नवरी सहावारी पैठणीत, पदर डाव्या खांद्यावरून पुढे सोडलेला, काठावर मोरांची रांग. तिने पोटाजवळचा फुगवटा कमी करायला सांगितले होते, आणि तो फुगवटा मुख्यतः निऱ्या खोचल्यामुळे आलेला होता. मी फिल्टरमधून बाहेर येऊन १०० टक्क्यांवर पाहिले तेव्हा वरून तिसरा मोर बाकीच्यांपेक्षा अरुंद झाला होता आणि त्याची चोच काठाच्या रेषेला टेकली होती. फिल्टर रद्द केला, काठाचा पट्टा वेगळ्या लेयरवर काढला, त्याला आधी फक्त सरकवला आणि किंचित फिरवला, आणि मग कापडाचा मधला भाग, ज्यावर छोट्या बुट्ट्या होत्या, तेवढाच लिक्विफायने आत घेतला. बुट्टी थोडी लहान झाली तरी खपून जाते. मोर मात्र एका रांगेत मोजले जातात. तेव्हापासून काठ, पट्टे, चौकडी आणि जरीच्या रेषा यांना मी आकाराच्या कामात कधी ताणत नाही, फक्त हलवते. दागिन्यांचेही तसेच: मंगळसूत्राच्या वाट्या, वाकी, हिरवा चुडा हे सगळे वर्तुळ किंवा लंबवर्तुळ आहेत, आणि डोळा वर्तुळातला बिघाड सगळ्यात आधी पकडतो. बांगड्या असलेल्या मनगटाजवळ ब्रश नेण्यापूर्वी त्या गोठवा.

ब्लाउजच्या बाहीची कड दंडात रुतून जो उंचवटा येतो, त्याची मागणी सर्वांत जास्त असते, आणि तिथे लिक्विफायपेक्षा सावली जास्त काम करते. एक गोष्ट मी नव्या मुलांना परत परत दाखवते: आकार जेवढा कडेने ठरतो, तेवढाच उजेडाने ठरतो. बाहीच्या कडेखाली गडद घडी आणि तिच्याखाली उजळ उंचवटा, या दोहोंमुळे दंड मोठा वाटतो. ५० टक्के ग्रेने भरलेला सॉफ्ट लाइट लेयर घेऊन, ब्रशचा फ्लो दोन-तीन टक्क्यांवर ठेवून, घडी थोडी उजळली आणि उंचवट्यावरचा उजेड थोडा उतरवला, की बाह्यरेषा तीळभरही न हलवता दंड सपाट होतो. कमरेच्या बाजूंना हळुवार गडद केल्याने कंबर निमुळती दिसते. उलट, बाह्यरेषा आत नेली आणि जुनी सावली तिथेच राहिली, तर शरीर कापून चिकटवल्यासारखे वाटते. वाईट रिटचिंगची ही खूण मला दुरूनही दिसते. मध्यम आकाराच्या कामात मी साठ टक्के सावलीवर आणि चाळीस टक्के आकारावर विसंबते.

हे काही संगणकाबरोबर आलेले ज्ञान नाही. माझे वडील कोल्हापुरात स्टुडिओ चालवत असत. उतरत्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवायची, मागून आरशाने उजेड आणायचा आणि टोकदार पेन्सिलने बारीक स्वल्पविरामासारख्या रेघा मारत चेहऱ्यावरच्या सुरकुत्या भरायच्या, असे त्यांचे काम मी लहानपणी पाहिले. निगेटिव्हवर पेन्सिल लावली की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. पातीने इमल्शन (निगेटिव्हवरचा चित्राचा थर) खरवडले की ती जागा गडद होते. काळ्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची कंबर कमी करायची तर कडेचे इमल्शन खरवडून ती कड काळोखात मिसळून टाकत. चुकीला माफी नव्हती, कारण निगेटिव्ह एकच असे. त्यामुळे ते फार कमी करत, आणि जे करत ते दहा वेळा पाहून करत. माझ्याकडे अनडू आहे. तरी ती सवय मी सोडलेली नाही.

तपासणीची माझी पद्धत अशी: काम झाल्यावर चित्र आडवे उलटे करून पाहायचे, कारण सरावलेला डोळा चुका पाहीनासा होतो, मग ते अंगठ्याएवढे लहान करून पाहायचे, म्हणजे शरीराचे प्रमाण कळते, आणि शेवटी मूळ लेयर चालू-बंद करत पाहायचे. चालू-बंद करताना माणूस श्वास घेतल्याइतका हलला तर ठीक. तो एकदम दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा वाटला तर जास्त झाले आहे. कमरेला दोन्ही बाजूंनी मिळून तीन-चार टक्क्यांच्या पलीकडे मी जात नाही. याला एक व्यावहारिक कारणही आहे. अल्बमच्या १२ बाय ३६ इंची पानावर एकाच नवरीचे पाच-सहा फोटो शेजारी शेजारी येतात. हळदीचा, सप्तपदीचा, रिसेप्शनचा. एकात ती बारीक आणि शेजारच्यात नेहमीसारखी दिसली की पूर्ण पान खोटे पडते. शिवाय लग्नाचा व्हिडिओ असतो, आणि पाहुण्यांच्या फोनमधले शेकडो फोटो असतात. सगळीकडे सारखे करता येणार नसेल तर एकीकडे थोडेच करणे शहाणपणाचे.

फोनमधल्या आणि नव्या स्वयंचलित साधनांबद्दल तुम्ही विचारले नसले तरी सांगते. एका पट्टीवर शरीर बारीक करणारी ॲप्स शरीर ओळखतात, पण मागची भिंत आणि काठ यांचे वर सांगितलेले सगळे दोष करतात, आणि सांध्यांची तमा बाळगत नाहीत. फोटोशॉपमध्ये २०२३ साली जनरेटिव्ह फिल, म्हणजे एआयने नवे चित्र रचून जागा भरणारे साधन, आले. मागची भिंत किंवा पडदा भरण्यासाठी मी ते वापरते आणि समाधानी आहे. शरीरावर मात्र ते चालवत नाही. एका मुलाने माझ्या हाताखाली एका नवरीचा दंड दुरुस्त करताना निवड मनगटापर्यंत नेली, आणि साधनाने मेंदी नव्याने रचून दिली. दिसायला ती सुंदर होती, पण तिच्या मेंदीत नवऱ्याचे नाव लपवलेले होते आणि ते नाहीसे झाले. नवरीने ते पहिल्याच पाहणीत ओळखले. लिक्विफाय जे आहे ते सरकवते; हे साधन जे नाही ते आणते, आणि आठवणीसाठी काढलेल्या फोटोत हा भेद फार मोठा आहे.

आता हात कुठे आवरावा याविषयी, आणि इथे मी आग्रही आहे. ज्याचे शरीर आहे त्याने स्वतः सांगितल्याशिवाय आकार बदलायचा नाही. नवरीच्या आईने, सासूने, नवऱ्याने किंवा भावाने सांगितले म्हणून नाही. सुरुवातीच्या काळात मी एका सासूबाईंच्या सांगण्यावरून नवरीचे सगळे फोटो ‘नीट’ केले होते. अल्बम घ्यायला नवरी आली, दोन पाने उलटली आणि शांतपणे म्हणाली, “ताई, ही मी नाही.” मी तो अल्बम माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिला, पण तिने पहिल्यांदा स्वतःला त्या रूपात पाहिले ते काही मला परत घेता आले नाही. ब्रिटिश जीक्यू मासिकाने २००३ मध्ये मुखपृष्ठावर केट विन्स्लेट यांचे पाय बारीक केले तेव्हा त्यांनीही जाहीरपणे हेच सांगितले: आपण तशा दिसत नाही, आणि तसे दिसण्याची आपली इच्छाही नाही. लहान मुलांच्या शरीराला तर मी कोणीही सांगितले तरी हात लावत नाही.

दुसरी मर्यादा फोटोच्या उपयोगाची आहे. अल्बममधला फोटो घरात राहतो. स्थळासाठी पाठवायचा फोटो दुसऱ्या कुटुंबासमोर पुरावा म्हणून जातो. त्यात लेन्सचा ताण काढणे, उजेड सुधारणे, आलेली पुटकुळी पुसणे एवढेच मी करते, आकार बदलत नाही. पाहायला येणारी माणसे मुलीला प्रत्यक्ष पाहणार आहेत, आणि त्या दिवशी फोटो आणि माणूस यांतला फरक तिच्याच अंगावर येतो. पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोला, तसेच व्यायामशाळेच्या किंवा दवाखान्याच्या ‘आधी आणि नंतर’ फोटोंना हे काम लागूच होत नाही.

जाहिरातींच्या बाबतीत तर काही देशांनी कायदेच केले आहेत. इस्रायलने २०१३ पासून आणि फ्रान्सने १ ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलची शरीरयष्टी बदलली असेल तर तशी सूचना छापणे बंधनकारक केले. फ्रान्समध्ये ती न छापल्यास ३७,५०० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. नॉर्वेत १ जुलै २०२२ पासून शरीराचा आकार किंवा त्वचा बदललेल्या जाहिरातींवर ठराविक चिन्ह लावावे लागते. छायाचित्रे विकणाऱ्या गेटी इमेजेसनेही १ ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलला बारीक किंवा जाड केलेली छायाचित्रे आपल्या व्यावसायिक संग्रहात घेणे बंद केले. हे नियम लग्नाच्या अल्बमला लागू नाहीत, पण परदेशातल्या एखाद्या कपड्यांच्या किंवा दागिन्यांच्या ब्रँडचे काम आले तर सूचनेचा विषय आधीच विचारून घ्या.

शेवटी तुम्ही दराविषयी विचारले आहे. आकाराचे काम रंगदुरुस्तीत धरू नका. कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ ठेवा, फोटोमागे दर लिहा, आणि खाली एक वाक्य घाला की हे काम फक्त त्या व्यक्तीच्या स्वतःच्या सांगण्यावरून होईल. लेन्सने आलेला ताण काढण्याचे पैसे मात्र घेऊ नका. तो आपण काढलेल्या फोटोचा दोष आहे. मावशींचा फोटो आधी तसा दुरुस्त करून त्यांना दाखवा, आणि त्यानंतरही त्यांनी काही सांगितले तरच लिक्विफाय उघडा.